अकराव्या अटेम्प्टला पास

आपले क्रीडा-पत्रकार लॉर्ड्सला ‘क्रिकेटची पंढरी’ म्हणतात. आपण पडलो धाराशिवकर. खरी पंढरी आपल्या शेजारची. आषाढी आली की आपल्या रस्त्यांवरून दिंड्या जातात, गोरोबाकाकांचं तेर तर आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळे पंढरी या शब्दाचं आम्हाला कौतुक नाही असं नाही. पण लंडनच्या या दुसऱ्या पंढरीत आपल्या संघाच्या पदरात काय पडलं, याचा हिशोब कुणी मांडत नाही. परवा मी तो मांडला आणि मेसच्या भिंतीवर चिकटवला.

लॉर्ड्सवर भारताच्या कसोट्या : २०. जिंकल्या ३, हरल्या १३, अनिर्णित ४.

आता हॉस्टेलच्या भाषेत सांगतो. एकूण अटेम्प्ट वीस, पास तीन वेळा, एटीकेटी चार वेळा, बाकी सगळे नापास! पहिला पेपर २५ जून १९३२ ला. तो भारताचा पहिलाच कसोटी सामना. कर्णधार सी. के. नायडू, आणि भारतातर्फे कसोटीतला पहिला चेंडू खेळणारा फलंदाज आपला मराठी माणूस, जनार्दन नवले. १५८ धावांनी हरलो. पुढे १९३६, १९४६, १९५२, १९५९, १९६७... नापास, नापास, नापास. १९७१ ला पहिल्यांदा एटीकेटी. पहिल्यांदा पास झालो १० जून १९८६ ला. म्हणजे चोपन्न वर्षांनी, अकराव्या अटेम्प्टला. आपल्या विद्यापीठाने एवढे अटेम्प्ट द्यायचं ठरवलं, तर आपली नातवंडं आपल्याच वर्गात बसतील.

तक्ता लावायला निमित्त झालं १४ जुलै २०२५ च्या सामन्याचं. तुम्ही सगळ्यांनी तो पाहिलाय. एका मोबाइलवर दहा-दहा डोकी, मेसमधली आमटी गार होऊन गेली तरी कुणी उठेना. पहिल्या डावात दोन्ही संघ बरोब्बर ३८७. मग आपल्याला हव्या होत्या १९३. जेवणाच्या सुट्टीला ८ बाद ११२. आशा सोडली होती, पण जडेजाने सोडली नव्हती. त्याने १८१ चेंडू खेळून नाबाद ६१ केल्या. बुमराने ५४ चेंडूंत पाच धावा काढल्या, म्हणजे नुसती भिंत धरून उभा राहिला. शेवटी सिराजने एक चेंडू व्यवस्थित बॅटने अडवला, आणि तोच चेंडू घरंगळत मागे जाऊन स्टंपला लागला. २२ धावांनी हरलो. त्या रात्री हॉस्टेलमध्ये कुणी कुणाशी धड बोललं नाही.

त्याच सुमारास माझ्या रूम पार्टनरचा रिझल्ट लागला. नाव सांगत नाही, तो ओळखला जाईलच. मेकॅनिकलला आहे, परंडा तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. चार विषय गेले, त्यात एम-थ्री दुसऱ्यांदा. वायडी. घरी कोरडवाहू सहा एकर आणि शेळ्या. आपल्या जिल्ह्याच्या नावाची उस्मानाबादी शेळी देशभर प्रसिद्ध आहे, ती किती दुधाची, किती पिल्लांची हे पुस्तकात वाचता येतं. पण एका सेमिस्टरला किती शेळ्या लागतात, ते त्याला पाठ होतं. त्याने बॅग भरायला घेतली.

“गावाकडं जातो लेका. बास झालं. बापाच्या दावणीला आता काय उरलं न्हाई.”

मी काय बोलणार? असल्या वेळी ‘प्रयत्नांती परमेश्वर’ वगैरे सुविचार सांगणाऱ्याला चपलेने मारावंसं वाटतं. मी गप्पच बसलो. तोच जेवायला म्हणून मेसमध्ये गेला, भिंतीवरचा तक्ता वाचला आणि परत येऊन म्हणाला, “तेरा येळा नापास? आन तरी ह्यांना परत पेपरला बसू देतेत?”

बघा, थट्टेने म्हणाला. पण बॅगेची चेन त्या रात्री लागली नाही, हे मी पाहिलं.

मग आम्ही दोघांनी तो तक्ता नीट वाचायचा ठरवला. नुसती बेरीज-वजाबाकी नाही, आतली स्कोअरकार्डं. आणि तिथे मला दिलीप वेंगसरकर सापडला. नाव माहीत होतं. कोकणातल्या राजापूरला जन्मलेला, मुंबईचा ‘कर्नल’. पण त्याचं लॉर्ड्सचं पुस्तक आता उघडलं.

१९७९ : पहिल्या डावात शून्य, अख्खा संघ ९६ वर बाद. दुसऱ्या डावात वेंगसरकर १०३, विश्वनाथ ११३. सामना वाचला.
१९८२ : पहिल्या डावात संघ १२८. फॉलोऑन. दुसऱ्या डावात वेंगसरकर १५७. तरी हरलो.
१९८६ : पहिल्या डावात संघाचा शेवटचा गडी बाद झाला तेव्हा हा एका टोकाला नाबाद १२६. या वेळी जिंकलो. चेतन शर्माचे पहिल्या डावात पाच बळी, आणि विजयी फटका म्हणजे कर्णधार कपिलचा षटकार.

लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं करणारा तो पहिला परदेशी फलंदाज. मैदान तेच, माणूस तोच, निकाल तीन वेगवेगळे. एक अनिर्णित, एक पराभव, एक विजय. आता सांगा, १९८२ ची १५७ धावांची खेळी नापासाच्या रकान्यात टाकायची का? माझ्या तक्त्यात ती तिथेच पडली होती. तक्ता खोटा नव्हता, पण त्यात १९८६ कुठून आलं ते दिसत नव्हतं.

लॉर्ड्सचं मैदान सपाट नाही, हे आम्हा सिव्हिलवाल्यांना आवडतं. एका बाजूच्या ग्रँड स्टँडपासून समोरच्या टॅव्हर्न स्टँडपर्यंत सुमारे अडीच मीटरचा उतार आहे. डम्पी लेव्हल लावायचीसुद्धा गरज नाही, डोळ्याला दिसतो म्हणे. पॅव्हेलियनच्या बाजूने टाकलेला चेंडू या उतारावर उजव्या फलंदाजाच्या अंगात येतो, नर्सरीच्या बाजूने टाकलेला बाहेर जातो. म्हणजे मुंबईच्या सपाट मैदानात शिकलेलं सरळ बॅटचं गणित इथे एका इंचाने चुकतं. हे फळ्यावर शिकता येत नाही. तिथे उभं राहून, बाद होऊनच कळतं. पार्टनर म्हणाला, “एम-थ्रीचा पेपर बी उताराचाच आसतो.” मी म्हटलं, पण उतार दर वर्षी तोच असतो ना? तो पाठ झाला की झालं! दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या दोन्ही उत्तरपत्रिकांच्या फोटोकॉपीसाठी अर्ज केला. कळलं की दोन्ही वेळा गडी एकाच ठिकाणी बाद : लाप्लास.

लॉर्ड्सच्या ड्रेसिंग रूममध्ये सन्मानफलक आहेत. कसोटीत शतक केलं किंवा डावात पाच बळी घेतले की नाव कायमचं चढतं. आपल्या कॉलेजच्या पोर्चमध्ये टॉपर्सचा बोर्ड आहे, तसंच. १९५२ ला विनू मांकडने ७२ आणि १८४ धावा केल्या, वर पाच बळी घेतले. त्याचं नाव दोन्हीकडे. १९५९ ला चणीने लहान रमाकांत देसाईने ८९ धावांत पाच बळी घेतले. २००२ ला अजित आगरकर आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद १०९ करून गेला, आणि २०१४ ला हिरव्या खेळपट्टीवर अजिंक्य रहाणेने १०३ केल्या. त्या वेळी अठ्ठावीस वर्षांनी दुसऱ्यांदा पास झालो.

आता त्या फलकावर कोण नाही ते ऐका. सुनील गावसकर नाही. सचिन तेंडुलकर नाही. सचिन तिथे पाच कसोट्या खेळला, सर्वोच्च धावा ३७! गावसकरने १९८७ ला तिथेच १८८ ठोकल्या, पण तो एमसीसीच्या द्विशताब्दीचा सामना, कसोटी नव्हे, म्हणून फलकाला चालला नाही. २०२५ च्या त्याच सामन्याच्या दिवशी एमसीसीने सचिनचं चित्र आपल्या संग्रहालयात लावलं. फलकावर जागा नव्हती, भिंतीवर निघाली.

आणि एकनाथ सोलकर. मुंबईत हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. १९७४ ला लॉर्ड्सवर आपला संघ १७ षटकांत ४२ धावांत गारद झाला. दोन आकडी धावसंख्या एकट्याची, सोलकर नाबाद १८. हे कुठल्या फलकावर लिहायचं? तेव्हाचा कर्णधार अजित वाडेकर १९७१ ला इंग्लंडमध्ये मालिका जिंकून आला होता, तेव्हा देशाने डोक्यावर घेतलं होतं. १९७४ च्या त्या दौऱ्यानंतर तो पुन्हा कसोटी खेळला नाही. रिझल्टच्या दिवशी लोक कसे बघतात हे आपल्यालाही ठाऊक आहे.

वाडेकरवरून आठवलं. मुलाने इंजिनिअर व्हावं अशी त्याच्या वडिलांची इच्छा होती. श्रीरामपूरच्या झहीर खानचीही वाट इंजिनिअरिंगकडेच चालली होती, ती सोडून तो वेगवान गोलंदाज झाला. १३ जुलै २००२ ला लॉर्ड्सवर आपण ३२६ धावांचा पाठलाग पूर्ण केला, तेव्हा कैफबरोबर धावत होता तो हाच झहीर. हे ऐकून पार्टनर उसळला, “बघ! इंजिनिअरिंग सोडलं म्हणून लॉर्ड्सला पोचला!” मुद्दा बिनतोड होता. सोडणं म्हणजे दर वेळी हरणं नसतं, हे मला मान्य करावं लागलं. मी एवढंच विचारलं, “झहीरच्या हातात बॉल होता. तुझ्या हातात काय आहे?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “डिझेल इंजिन. खोलून जोडतो मी, डोळे झाकून.” खरं आहे. वर्कशॉपमध्ये त्याच्याएवढा हात कुणाचा नाही. पण त्याचा रकाना मार्कशीटमध्ये फार लहान आहे.

तक्ता लावल्यावर तिसऱ्या दिवशी गर्ल्स हॉस्टेलकडून निषेध आला. “आमचा रकाना कुठाय?” बरोबर होतं, म्हणून जोडला. २३ जुलै २०१७, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, लॉर्ड्स. २२९ चं लक्ष्य, पूनम राऊत ८६, धावसंख्या ३ बाद १९१. तिथून २१९ वर सगळ्या बाद. नऊ धावांनी हरलो. सांगलीची स्मृती मानधना त्या दिवशी शून्यावर गेली. तीच स्मृती २०२२ ला झूलन गोस्वामीच्या निरोपाच्या सामन्यात त्याच मैदानात ५० करते आणि आपण जिंकतो. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिला विश्वचषक उचलतात, तेव्हा ती उपकर्णधार असते. मुलींनी खाली पेनाने लिहिलं : ‘आम्ही पुनर्परीक्षेत डिस्टिंक्शन.’

वर्कशॉपचे मामा तक्ता वाचून हसले. १९८३ ला ते लोहारा तालुक्यातल्या आपल्या गावी शाळेत होते. वर्ल्ड कप जिंकल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी रेडिओच्या बातम्यांत कळलं. “लॉर्ड्स कुठं हाय ते गुरुजींनाबी ठाव नव्हतं, पर साखर वाटली,” असं ते म्हणाले. मी त्यांना दाखवलं की तो अंतिम सामना २५ जूनला झाला. १९३२ चा पहिला पेपरही २५ जूनलाच. मैदान एक, तारीख एक, मध्ये एक्कावन्न वर्षं. मामा म्हणाले, “म्हंजी हजेरी लावत ऱ्हायले.”

आता तुम्ही म्हणाल, नुसती हजेरी लावून पास होता येत नाही. अगदी खरं. २०१८ ला आपण तिथे एक डाव आणि १५९ धावांनी हरलो, हजेरी होतीच. २०२१ ला जिंकलो ते राहुलच्या १२९ मुळे, सिराजच्या आठ बळींमुळे, आणि शमी-बुमरा या दोन गोलंदाजांनी नवव्या गड्यासाठी ८९ धावांची अखंड भागीदारी केली म्हणून. ती भागीदारीही सन्मानफलकावर नाही. पण ती नसती तर तिसरा विजयही नसता. हजेरी लावायची, आणि गेल्या खेपेला कुठे बाद झालो ते बघून लावायची, एवढाच माझा मुद्दा आहे.

आपल्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ ला १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. म्हणजे इथल्या मातीतून तिथवर रस्ता आहे. पण आपण सगळे काही तिथे जाणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांची नावं पोर्चमधल्या बोर्डवरही चढणार नाहीत. चार वर्षांत कधीतरी ४२ वर ऑलआउट झालेल्या सेमिस्टरमध्ये आपण नाबाद १८ केलेल्या असतील. त्या कुणी विचारणार नाही. आपण विसरू नयेत.

पार्टनरने वर्ष ड्रॉप घेतलं, पण हॉस्टेल सोडलं नाही. दिवसा एका गॅरेजमध्ये इंजिनं खोलतो आणि मेसचं बिल स्वतः भरतो, रात्री लाप्लास घोटतो. वडिलांना त्याने फोनवर सगळं खरं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता, मग “जेवलास का?” एवढंच आलं. एम-थ्रीचा तिसरा अटेम्प्ट त्याने दिला आहे. हा अंक छपाईला जाताना निकाल लागलेला नाही. तुमच्या हातात पडेल तेव्हा लागलेला असेल. रूमवर या, काय झालं ते त्यालाच विचारा. फक्त कितवा अटेम्प्ट, हे आधी विचारू नका.