ब्लॉगच्या किल्ल्या कोणाकोणाकडे?

मागच्या महिन्यातल्या पालकसभेत पाचवीतल्या एका मुलीच्या आईने विचारलं, "सर, ब्लॉगवरच्या सराव चाचणीत मुलीचं नाव नि माझा मोबाइल नंबर भरावा लागतो. ते कोणाकोणाच्या हाती जातं?"

मी लगेच म्हणालो, "फक्त माझ्या, ताई. काळजी करू नका."

त्या समाधानाने बसल्या. रात्री मात्र मला चैन पडेना. फक्त माझ्याच, हे मी कशावरून बोललो? कधी तपासलं होतं?

थोडं मागचं सांगतो. केंद्रातले आम्ही काही शिक्षक मिळून हा ब्लॉग चालवतो. कोणता पाठ किती जण वाचतात हे कळावं म्हणून सुरुवातीला एका माजी विद्यार्थ्याने गूगल टॅग मॅनेजर जोडून दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्लॉगमध्ये एकदाच एक छोटा कोड टाकायचा, मग वाचकांची मोजणी किंवा इतर काही जोडायचं तर ब्लॉगला हात न लावता बाहेरून, टॅग मॅनेजरमधूनच जोडता येतं. सोय मोठी आहे. धोकाही तिथेच आहे. पब्लिश करण्याचा अधिकार असलेला माणूस आपल्या पानावर हवा तो कोड चालवू शकतो. चाचणीच्या फॉर्मचे कागद त्याला दिसत नसतील, पण कोणी नंबर टाइप करत असताना तो वाचून घेणारा कोड तो बसवू शकतो. म्हणजे ताईंच्या प्रश्नाचं उत्तर फॉर्ममध्ये नव्हतं, या यादीत होतं.

टॅग मॅनेजरच्या पडद्यावर लोकांची नावं दिसतात, पण अकाउंटची वेगळी आणि प्रत्येक कंटेनरची वेगळी. आमचे कंटेनर दोन, एक ब्लॉगचा, एक चाचणीचा. मला सगळं एका ठिकाणी हवं होतं. त्याच विद्यार्थ्याने एकदा सांगितलेलं आठवलं, की गूगलच्या एपीआयच्या माहितीपानावरच एक रकाना असतो, तिथे काही न लिहिता-शिकता विनंती पाठवून बघता येते. यूजर परमिशन्स या भागातलं 'लिस्ट' उघडलं. तिथे अकाउंटचा नंबर मागतात. मी आधी जीटीएमने सुरू होणारा क्रमांक घातला, तर लाल अक्षरांत नकार. तो क्रमांक कंटेनरचा असतो. अकाउंटचा नंबर नुसता आकडी असतो, टॅग मॅनेजर उघडल्यावर वरच्या पत्त्यात 'अकाउंट्स' या शब्दाच्या पुढे सापडतो. तो त्या शब्दासकट घातला, लॉगिन केलं, वापरकर्ते सांभाळण्याची परवानगी दिली आणि यादी उतरली.

सहा पत्ते! मी तीन धरून चाललो होतो.

प्रत्येक पत्त्याखाली दोन गोष्टी असतात. अकाउंटवर तो साधा यूजर आहे की ॲडमिन. आणि प्रत्येक कंटेनरवर त्याला काय करता येतं: काहीच नाही, नुसतं वाचणं, बदल करणं, बदल मंजूर करणं, की पब्लिश करणं. पब्लिशवाल्याचं काम थेट वाचकापर्यंत जातं, बाकीच्यांचं नाही.

पहिला मी. दुसराही मीच, जुन्या मोबाइलवरचा, ज्याचा पासवर्ड मला आठवत नाही, आणि तोही ॲडमिन. तिसऱ्या आमच्या मॅडम. त्यांना दोन्ही कंटेनरवर काहीच परवानगी नव्हती, म्हणून मी निर्धास्त पुढे सरकलो, मग परत आलो. अकाउंटवर त्या ॲडमिन होत्या, आणि ॲडमिन स्वतःला हवी ती परवानगी देऊ शकतो. वर्गाची किल्ली नाही, पण किल्ल्यांच्या कपाटाची आहे, असा प्रकार. चौथा पत्ता एका कार्यशाळेत भेटलेल्या मार्गदर्शकांचा, चाचणीत बदल करण्याचा अधिकार असलेला. त्यांचा चेहराही आता आठवत नाही.

पाचवा तो विद्यार्थी. ॲडमिन, दोन्हीकडे पब्लिश. त्याला फोन केला. "सर, मी तर विसरूनच गेलो होतो," म्हणाला. मग जरा थांबून, "त्या ईमेलवाला जुना फोन मी विकलाय. लॉगआउट केलं होतं की नाही, आठवत नाही." त्याला काय बोलणार? किल्ली मी दिली, परत मागितली नाही तीही मीच. शाळेचा चार्ज देताना-घेताना आपण खुर्च्या मोजतो, डेड स्टॉक रजिस्टरवर सह्या करतो. इथे कधी सही झालीच नव्हती.

सहावा पत्ता आमच्या ज्येष्ठ गुरुजींचा. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. ब्लॉगवर पब्लिशचा अधिकार अजून तसाच. त्या ओळीपाशी मी बराच वेळ बसलो. शेवटी अधिकार काढला. त्यांचे पाठ ब्लॉगवर त्यांच्या नावाने आहेत, तसेच राहतील.

मग दोन्ही कंटेनरच्या जुन्या आवृत्त्या उघडून कोणी कधी काय पब्लिश केलं ते पाहिलं. आमच्याशिवाय कोणाचं काही नव्हतं. नशीब म्हणायचं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे, म्हणजे आपला अख्खा वाचकवर्ग!

आता यादीत दोघंच, मी आणि मॅडम. एकटा ॲडमिन ठेवला नाही, कारण त्याचंच खातं गेलं तर पंचाईत. चाचणीतला मोबाइल नंबराचा रकानाही काढून टाकला. खरं तर तो हवाच कशाला होता, याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

या महिन्याच्या सभेत सगळ्यांसमोर सांगितलं, "ताई, मागच्या वेळी मी चुकीचं बोललो. सहा पत्त्यांवरून शिरता येत होतं." कुजबुज झाली. एक वडील जरा चिडलेही, आणि ते बरोबरच होतं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि सर, तुमची बदली झाली तर?"

यावेळी मी लगेच उत्तर दिलं नाही. वही काढून प्रश्न लिहून घेतला.