किती वेळ थांबायचं

ड्रायव्हर लिहिण्यात प्रत्यक्ष लिहिणं फार थोडं असतं. डिस्क असो, नेटवर्क कार्ड असो की साधा सिरियल पोर्ट, प्रत्येक कंट्रोलर आपल्यापुढे काही रजिस्टरं मांडून ठेवतो. या पत्त्यावर अमुक लिहिलं की तो कामाला लागतो, त्या पत्त्यावर पाहिलं की त्याची स्थिती कळते. कोणत्या बिटाचा अर्थ काय, हे डेटाशीटमध्ये छापलेलं असतं आणि चिकाटीनं वाचलं की समजतं. अवघड काम पुढे आहे. हुकूम दिला, आता उत्तर येईपर्यंत किती थांबायचं, थांबताना प्रोसेसरनं काय करायचं, आणि उत्तर आलंच नाही तर आशा कधी सोडायची? एवढ्या वर्षांत माझं मत पक्कं झालं आहे की ड्रायव्हरची प्रत त्याच्या थांबण्यावरून ओळखावी. कोणाचा ड्रायव्हर तपासायला आला की मी आधी त्यातली थांबण्याची ठिकाणं शोधतो, बाकीचा कोड नंतर.

अमरावतीत इंजिनिअरिंगची काही मुलं माझ्याकडे हे शिकायला येतात. त्यांना मी सुरुवातीला जुन्या आयडीई डिस्कचाच धडा देतो, कारण तिथे सगळं उघड्यावर दिसतं. एका केबलवर दोन डिस्क असतात. त्यातली एक निवडली की तिची स्थिती वाचण्याआधी ४०० नॅनोसेकंद जाऊ द्यायचे. एवढा बारीक काळ मोजायचा कशानं? त्या काळच्या बसवर एक वाचन साधारण १०० नॅनोसेकंदांचं. म्हणून ड्रायव्हर लिहिणारे स्थितीचं रजिस्टर चारदा वाचून उत्तर टाकून देत आणि पाचव्या वाचनावर विश्वास ठेवत. तेही कोणत्या पत्त्यावर, याला महत्त्व होतं. डिस्कची स्थिती दोन पत्त्यांवर मिळते. नेहमीच्या पत्त्यावर वाचली, तर डिस्कनं उभा केलेला इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मारलेली हाक, त्या वाचण्यानंच मिटतो. पर्यायी पत्त्यावर वाचली, तर काहीच हलत नाही. उत्तर दोन्हीकडे एकच. "सर, नुसतं वाचलं तं बदलते कायले?" हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच, आणि तो विचारणाऱ्या मुलाकडे माझं लक्ष जातं. मेमरी वाचली की ती होती तशीच राहते, यावर आपली सगळी प्रोग्रामिंगची सवय उभी असते. रजिस्टर मात्र मेमरीसारखं दिसतं, वागत नाही.

त्याच डिस्कला रीसेट दिला तर ती तयार होईपर्यंत ३१ सेकंद धीर धरावा, असं मानक सांगतं, कारण थांबलेली तबकडी पूर्ण वेगात यायला वेळ लागतो. तीच डिस्क, तीच केबल, आणि दोन मुदतींमध्ये पावणेआठ कोटी पटींचा फरक. ४०० नॅनोसेकंदांसाठी प्रोसेसरला जागेवर उभं ठेवणं रास्त आहे. ३१ सेकंद तसं उभं ठेवलं, तर सगळं मशीन गोठलं असं वापरणाऱ्याला वाटेल. लांबच्या मुदतीसाठी झोपायचं असतं, म्हणजे प्रोसेसर दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला व्हायचं. पण इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये झोपायला मनाई आहे. म्हणून मग काम दोन भागांत तोडावं लागतं: तातडीचं तिथल्या तिथे उरकायचं आणि उरलेलं मागाहून, झोपता येईल अशा जागी करायचं.

कंट्रोलरला सारखं विचारत राहायचं की त्यानं हाक मारेपर्यंत वाट पाहायची, हा फरक आमच्या वऱ्हाडात रात्रीच्या लाइटवर ओलित करणाऱ्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. लाइट आली का हे बघायला पुन्हा पुन्हा उठण्यापेक्षा तो मोटारीला ऑटो स्विच बसवतो. लाइट आली की पंप आपोआप सुरू. इंटरप्ट तो हाच. पण एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपी जळते, हेही त्याला ठाऊक असतं. नेटवर्क कार्डाचं तसंच होतं. पाकिटांचा पूर आला आणि प्रत्येक पाकिटाला एक इंटरप्ट पडला, तर प्रोसेसर हाका ऐकण्यातच संपतो आणि पाकिटं उचलायला वेळ उरत नाही. म्हणून लिनक्समध्ये नॅपी नावाची पद्धत आली: पहिल्या हाकेला ओ द्यायची, मग हाका बंद करून स्वतःच फेऱ्या मारून पाकिटं उचलायची, आणि रांग रिकामी झाली की हाका पुन्हा सुरू करायच्या. या कामात मला सगळ्यात देखणी वाटलेली कल्पना हीच आहे. अमुकच रीत श्रेष्ठ, असा हट्ट तिच्यात नाही.

माझ्या मनात घर करून राहिलेलं काम मात्र याहून कितीतरी साधं होतं. अकोला जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचा इंडिकेटर सिरियल केबलनं संगणकाला जोडलेला होता. कापसाची बंडी नाहीतर ट्रॉली काट्यावर चढते, आकडा स्थिरावतो, काटेवाला बटण दाबतो आणि इंडिकेटर अठरा अक्षरांची एक ओळ पाठवतो. तक्रार अशी की अधूनमधून पडद्यावर मागच्या बंडीचं वजन दिसतं. काटेवाल्यांची नजर तयार असल्यामुळे चूक पकडली जाई. पण पहाटेपासून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या हंगामभराच्या कष्टांचा हिशेब त्या एका ओळीवर होत होता, आणि ती बरोबर येणं नजरेवर सोपवायची गोष्ट नव्हती. "आकडा काट्यावर बरोबर असते भाऊ, काम्पुटरवर मागचाच राहते," एवढंच काटेवाले म्हणाले. निदान म्हणून ते वाक्य अचूक होतं.

पहिल्या आयबीएम पीसीत, १९८१ साली, सिरियल पोर्टासाठी ८२५० नावाची चिप होती. तिच्यात आलेलं एकच अक्षर मावे. पुढचं येईपर्यंत ते उचललं नाही तर गेलं. पुढच्या १६५५०ए मध्ये १६ अक्षरांची रांग आली, आणि किती अक्षरं साठल्यावर हाक मारायची ते ठरवायची सोयही: १, ४, ८ किंवा १४. आता कोणी १४ ठरवलं आणि ओळ अठरा अक्षरांची असली, तर उरलेल्या चारांचं काय? चौदा व्हायची वाट पाहत ती कायमची बसून राहतील. चिप करणाऱ्यांनी याचा विचार केला होता. रांगेत काहीतरी आहे आणि चार अक्षरांना लागतो तेवढ्या वेळात नवं काही आलं नाही, तर चिप स्वतःहून हाक मारते. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला एक अक्षर एका मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ घेतं. म्हणजे सव्वाचार मिलिसेकंदांच्या आत-बाहेर ही हाक यायला हवी. थांबण्याचा नियम असा थेट सिलिकॉनमध्ये कोरलेला.

जिनिंगमधल्या संगणकात जास्तीचे पोर्ट देणारं एक कार्ड होतं, आणि त्यावरची चिप स्वतःला १६५५०ए म्हणवून घेत होती. तिची ही शेवटची हाक कधी यायची, कधी यायची नाही. आली नाही की चार अक्षरं रांगेत अडकत. ओळ पुरी झाल्याची खूण त्या चारांतच असल्यामुळे प्रोग्राम जुनाच आकडा धरून बसे, आणि पुढची बंडी काट्यावर चढली की तिच्या ओळीचा धक्का बसून मागची ओळ बाहेर येई. हे कळायला कोड वाचून उपयोग झाला नाही, कारण कोड बरोबर होता. लॉजिक अॅनालायझर लावून केबलवरच्या अक्षरांच्या आणि इंटरप्टच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्यावर चित्र स्वच्छ दिसलं. उपायही छोटा: त्या कार्डाचा ओळख-क्रमांक दिसला की हाकेची पातळी चौदावरून एकवर आणायची. प्रत्येक अक्षराला एक इंटरप्ट, म्हणजे ९६०० च्या वेगाला सेकंदाला जास्तीत जास्त ९६०. आजच्या प्रोसेसरला ते ओझं जाणवतही नाही. लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलच्या, ड्रायव्हरांमध्ये ठरावीक चिपांच्या अशा खोडींच्या याद्याच असतात. बाहेरून त्या ठिगळांसारख्या दिसतात. मला त्यांचा फार आदर वाटतो, कारण त्यातली एकेक ओळ कोणीतरी कुठेतरी मोजमाप घेऊन मिळवलेली असते.

धीराला मर्यादाही लागते. कर्नलची स्वतःची मर्यादा ठरलेली आहे: एका इंटरप्टच्या तारेवर एक लाख हाका आल्या आणि त्यातल्या ९९,९०० हून जास्त कोणत्याच ड्रायव्हरनं आपल्या मानल्या नाहीत, तर कर्नल ती तारच बंद करतं. एनव्हीएमई या नव्या डिस्क-कंट्रोलरांच्या मानकात, २०११ साली ते आलं तेव्हापासून, याहून शहाणी तरतूद आहे. चालू केल्यावर तयार व्हायला आपल्याला किती वेळ लागू शकतो, हे कंट्रोलर स्वतःच एका रजिस्टरमध्ये सांगतो, अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या मापात, जास्तीत जास्त एकशे साडेसत्तावीस सेकंद. ड्रायव्हरनं अंदाज बांधायचा नाही, विचारायचं. पण इथेही एक खड्डा आहे. डिस्क मधेच निसटली किंवा तिचा वीजपुरवठा तुटला, तर पीसीआय बसवर वाचलेल्या शब्दात सगळेच बिट १ येतात. 'तयार' हा बिटसुद्धा १. नुसता तोच बिट तपासणाऱ्या ड्रायव्हरला, जी डिस्क जागेवरच नाही ती, मी तयार आहे असं सांगते. म्हणून आधी सगळा शब्द पाहायचा, बत्तीसच्या बत्तीस बिट १ असतील तर समोर कोणी नाही असं धरायचं, आणि मगच बिटाकडे वळायचं.

वीज जाण्याच्या बाबतीत आमच्याकडची माणसं अनुभवी आहेत, आणि डिस्कचा ड्रायव्हर लिहिताना तो अनुभव कामी यावा असं मला मनापासून वाटतं. डिस्क 'लिहिलं' म्हणते तेव्हा ते बरेचदा तिच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत असतं. तबकडीवर किंवा फ्लॅशवर अजून उतरलेलं नसतं. ते खरोखर उतरवून घ्यायला फ्लश हा वेगळा हुकूम आहे, आणि त्याला ३० सेकंदांहून जास्त वेळ लागू शकतो, असं जुनं आयडीईचं मानकच बजावतं. वेगाच्या चाचणीत आकडा चांगला दिसावा म्हणून फ्लशला नुसतं 'झालं' म्हणून मोकळे होणारे यूएसबीचे स्वस्त जोडपूल बाजारात मिळतात. ज्या टेबलावर दिवे कधी जात नाहीत, तिथे हा खोटेपणा कधीच उघडकीला येत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेलेला, कूलरांच्या ओझ्यानं लाइट ये-जा करते, यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली. अशा दुपारी दुकानाची, दवाखान्याची, बाजार समितीची नोंद टिकते की नाही, हे त्या एका हुकमानं ठरतं. तिथला वेळ वाचवू नये. दुसरीकडे कुठेही वाचवावा.

अमरावतीहून अकोल्याला जाताना वाटेत मूर्तिजापूर लागतं. याच तालुक्यातल्या मुरंबा गावी १९४६ साली विजय भटकर यांचा जन्म झाला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. ही गोष्ट इकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. पण परमच्या आत कोणती चिप होती, हे मी सांगतो तेव्हा मुलं सावरून बसतात. ती होती ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची टी-८०० ट्रान्सप्युटर. प्रत्येक चिपला चार दुवे, शेजारच्या चिपांशी थेट बोलायला, आणि थांबण्याची व्यवस्था खुद्द चिपमध्येच. एखादी प्रक्रिया दुव्यावरून डेटा यायची वाट पाहू लागली की ट्रान्सप्युटर तिला स्वतःच बाजूला ठेवी आणि दुसरी चालवायला घेई. डेटा आला की पहिली परत रांगेत. या अदलाबदलीसाठी ऑपरेटिंग सिस्टीमला मध्ये पडावं लागत नसे. अनेक प्रोसेसर एका गणितावर राबवायचे, तर त्यांचा बराचसा वेळ एकमेकांची वाट पाहण्यात जाणार, हे आधीच ओळखून घडवलेली ती चिप होती. भटकरांचं नाव घेताना निव्वळ अभिमानावर थांबू नये, त्या यंत्राच्या पोटात शिरून पाहावं, असं मी मुलांना सांगतो. आपल्या तालुक्याच्या माणसाचा मान ठेवायची ती जास्त चांगली रीत आहे.

मुलांच्या कोडमध्ये थांबण्याचा आकडा दिसला की त्याच्या डोक्यावर तो कुठून आला याचं टिपण असायलाच हवं, हा माझा आग्रह. डेटाशीटचं पान, किंवा मोजल्याची जागा आणि ऋतू. ऋतू यासाठी की बऱ्याच लहान कंट्रोलरांचं घड्याळ क्रिस्टलवर चालत नाही, चिपमधल्याच साध्या दोलकावर चालतं आणि ते तापमानाबरोबर सरकतं. वातानुकूलित प्रयोगशाळेत मोजलेली मुदत पत्र्याच्या शेडमध्ये खरी ठरेलच असं नाही. "मंग दोन्हीकडं मोजू," असं अकोल्याहून येणारी एक मुलगी म्हणाली. तापमान मोजणाऱ्या एका छोट्या बोर्डाचा ड्रायव्हर ती लिहिते आहे. तिनं रीसेटनंतर बोर्ड तयार व्हायला लागणारा वेळ दर वेळी नोंदवायला सुरुवात केली, आधी खोलीत, मग घराच्या गच्चीवर भर दुपारी. बहुतेक नोंदी ४० मिलिसेकंदांच्या आसपास आहेत, उन्हात किंचित वर. एक नोंद मात्र ९०० ची आहे, आणि ती खोलीतली, सकाळची. मुदत वाढवून एक सेकंद केली की काम भागेल, हे तिला कळतं. ती वाढवायला तयार नाही. आधी ते ९०० कुठून आले, हे ती शोधते आहे. सध्या वीजपुरवठ्याच्या तारेवर प्रोब लावून बसली आहे.