आपल्यांत वस्ती

नाताळ जवळ आला कीं आमच्या सोलापुरांत दिवाळीनंतर माळ्यावर ठेवलेले आकाशकंदील पुन्हां खालीं येतात. ख्रिस्ती घरांच्या दारीं चांदण्या लागतात, करंज्या व अनारसे होतात, शेजारीं ताटें जातात. हें सर्व आम्हांस प्रिय आहे. परंतु ह्या सणाचा अर्थ काय, असें एखाद्या हिंदु किंवा मुसलमान मित्रानें विचारिलें, तर आमचीं मुलें "येशूचा जन्मदिवस" एवढेंच सांगून मोकळीं होतात. उत्तर खरें, पण अपुरें. जन्माची तारीख शुभवर्तमानांत कोठेंच दिलेली नाहीं. २५ डिसेंबर हा दिवस रोम येथील मंडळी चवथ्या शतकांत पाळूं लागली. तेव्हां तारखेपेक्षां मोठें असें कांहीं ह्या सणांत असलें पाहिजे.

तें एका नांवांत आहे. मत्तयानें त्या बाळास यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांतील इम्मानुएल हें नांव लाविलें. त्याचा अर्थ आमच्याबरोबर देव. देव माणसांजवळ येतो ही गोष्ट आमच्या जिल्ह्यास नवी नाहीं. पंढरपूर ह्याच जिल्ह्यांत आहे, आणि विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहणारा देव वारकऱ्याच्या घरांतलें लहान मूलही जाणतें. म्हणून शेजाऱ्यास कांहींच ठाऊक नाहीं अशा थाटानें ख्रिस्ती माणसानें बोलूं नये. मात्र योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत एक गोष्ट विशेष सांगितली आहे : देवाच्या शब्दानें देह धारण केला व आपल्यांत वस्ती केली. पाहुणा आणि वस्ती करणारा यांत अंतर आहे. पाहुण्यास आपण पाट मांडतों, गोडाधोडाचें करितों, आणि तो निघून जातो. वस्ती करणाऱ्याच्या वाट्यास आपलीच धूळ, आपलाच उन्हाळा आणि आपलेंच पाण्याची वाट पाहणें येतें.

येथें मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, त्याचा अर्थ पाल ठोकून राहणें असा होतो. पालांतील माणसांविषयीं सोलापूरकरांस तरी परक्या ग्रंथांत शोधावयास नको. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्यानें तो देशभर लागू करण्याची सोय झाली. कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा कित्येक जमातींचे लोक जन्मतःच गुन्हेगार ठरले. त्यांच्यांतील पुष्कळांस सोलापुरांत तारेच्या कुंपणांत आणून ठेविलें. हजेरी द्यावयाची, परवानगीवांचून बाहेर जावयाचें नाहीं, आणि पोटासाठीं गिरणींत राबावयाचें. ह्या वसाहतीचा कारभार कांहीं काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. मिशनच्या मंडळींनीं तेथें मुलांना शिकविलें, त्याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. तथापि कुंपण तें कुंपणच, आणि त्याच्या आंत नाताळाचीं गीतें गाणें सोपें नसावें असें आम्हांस वाटतें. कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पुढें १९६० सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें येथील तार तोडण्यांत आली. आजही शहरांत त्या भागास जुने लोक सेटलमेंट म्हणतात.

हें ध्यानांत घेऊन लूकचा दुसरा अध्याय वाचावा. कैसर औगुस्ताचा हुकूम सुटला कीं सर्वांनीं आपापल्या गांवीं जाऊन नांवनिशी करावी. योसेफ सुतार आणि पूर्ण दिवस भरलेली मरीया हीं हौसेनें बेथलेहेमास गेलीं नव्हतीं. सरकारी वहींत नांव चढविण्यासाठीं गेलीं. उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं. बाळ गव्हाणींत निजविलें. पुढें हेरोदाच्या भयानें तेंच कुटुंब मिसर देशीं पळालें. देवानें वस्ती केली ती अशी : ज्यांच्या नांवाची नोंद होते पण ज्यांस जागा मिळत नाहीं, त्यांच्यांत. आमच्या रंगमंचावरील गव्हाणी फार स्वच्छ असते, तिला चमकीचा कागद लावलेला असतो. मुलांचा उत्साह आम्हांस मोडावयाचा नाहीं. पण एखादे वर्षीं ती खऱ्या गोठ्यांतून मागून आणावी, वासासकट.

आणि वार्ता प्रथम कोणास कळली? मेंढपाळांस. सांगोला-मंगळवेढ्याकडील धनगर ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें समजेल. दुसऱ्याच्या शेतांत मेंढरें बसवावयाचीं, खताच्या मोबदल्यांत धान्य घ्यावयाचें, आणि थंडीच्या रात्रीं घोंगडी पांघरून राखण करावयाची. देवदूत वाड्यांत गेले नाहींत. जे जागे होते आणि ज्यांस दार नव्हतें, त्यांच्याकडे गेले. ते मेंढपाळ बेथलेहेमास धांवले, बाळास पाहिलें, दिसेल त्यास ही गोष्ट सांगितली, आणि लूक सांगतो कीं ते परत गेले. मेंढरें रानांत होतीं. उजाडण्यापूर्वीं त्यांस तेथें पोहोंचावयाचें असेल.