आमच्या गाडीचा वास

मंडळी, आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी काढल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर त्या माझ्या!

विषय आहे आमच्या गाडीचा वास. हसू नका. माझ्या बाबांची टुरिस्ट गाडी आहे. चिपळूणहून मुंबई, पुणे, कधी गोवा अशी भाड्यानं जाते. माझी शाळेची फी, इथली फी, मेसचं बिल, सगळं त्याच गाडीतून आलंय. मागच्या पावसाळ्यात तिला वास यायला लागला. एसी लावला की पहिली दोन-तीन मिनिटं असा कुबट भपकारा, की जणू ओले मोजे बादलीत चार दिवस विसरलेत. (बॉइज हॉस्टेलला अधिक वर्णनाची गरज नाही.) मग वास कमी व्हायचा, म्हणजे खरं तर नाकाला सवय व्हायची.

जुलैत बाबा मला हॉस्टेलला सोडायला आले तेव्हा वाटेत माझ्या दोन मैत्रिणी गाडीत बसल्या. धो धो पाऊस, काचा बंद. बाबांनी एसी लावला आणि मागे एकीनं हळूच ओढणी नाकाला लावली. आरशात मला ते दिसलं. बाबांनाही दिसलं. कोणीच काही बोललं नाही. मीसुद्धा खिडकीबाहेर बघत राहिले, जशी काही ती गाडी आमची नव्हेच. शाळेत असताना मी बाबांना गेटपासून लांब गाडी उभी करायला सांगायचे, 'तिथे गर्दी असते' म्हणून. गर्दी वगैरे काही नसायची. ते उगाचच आठवलं.

गणपतीला घरी गेले तर डॅशबोर्डवर तीन परफ्यूम! लिंबू, मोगरा आणि एक काहीतरी निळं. आता कुबट अधिक मोगरा असा वास येत होता, जो आधीपेक्षा भयंकर. आईकडून कळलं की नेहमीचं एक गिऱ्हाईक हल्ली दुसऱ्याची गाडी सांगतं. आणि एसीवाला म्हणाला होता, डॅशबोर्ड खोलून कूलिंग कॉइल बाहेर काढावी लागेल. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून बाबांनी परफ्यूम घेतले होते.

मी सहज विचारलं, "बाबा, एसी चालू असताना गाडीखाली पाणी पडतं का हो?"

"छे! आपली गाडी एकदम कोरडी," बाबा अभिमानानं म्हणाले. "बाकीच्यांच्या बघ कशा ठिबकत असतात."

इथे माझी ट्यूब पेटली. मागच्या सेमला सायक्रोमेट्रिक चार्टवर मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. कूलिंग कॉइल त्याहून कितीतरी थंड. म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात तिच्यावर पाणी जमणारच, आणि ते एका रबरी नळीतून गाडीखाली पडायलाच हवं. आमचं पडत नव्हतं, म्हणजे ते आतच कुठेतरी साठत होतं. ओली कॉइल, तिच्यावर धूळ, आत काळोख. बुरशीला आणखी काय पाहिजे? हे सगळं मी पेपरात लिहिलं होतं हो, पण त्या चार्टमधलं पाणी बाबांच्या गाडीतलं आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं.

डाव्या सीटपुढचं मॅट उचललं तर खालचं कार्पेट पिळता येईल इतकं ओलं. बाबा गाडीखाली शिरले. नळीचं तोंड मातीनं बुजलं होतं. त्यांनी हलक्या हातानं तार फिरवली आणि चांगलं तांब्याभर काळं पाणी त्यांच्या बाहीवर आलं. आई ओरडली. बाबा मात्र खालून हसत होते!

ग्लोव्ह बॉक्समागचा एसीचा फिल्टर काढला, तर तो फिल्टर कमी आणि पालापाचोळा जास्त होता. नवा आणला. मग कॉइलवर मारायचा फोमचा स्प्रे. हा फोम विरघळून त्याच नळीतून खाली उतरतो, म्हणून नळी आधी मोकळी करायची. उलट केलं असतं तर तोही कार्पेटमध्येच गेला असता. कार्पेट मात्र दोन दिवस छळत होतं. ऊन नाही, म्हणून ओटीवर टेबलफॅन लावला, पलीकडे गणपती आणि अलीकडे कार्पेट. आरतीला आलेल्या प्रत्येकाला आई कारण सांगत होती. तिन्ही परफ्यूम मी माळ्यावर टाकले. (मोगऱ्याचा आईनं परत आणला.)

परत येताना त्याच दोघी गाडीत होत्या. एसी लावला तेव्हा मी श्वास रोखून धरला. कोणाची ओढणी हलली नाही. कॉलेज दोन-तीन किलोमीटर राहिलं तसा बाबांनी एसी बंद केला, पंखा तेवढा चालू ठेवला आणि बाहेरची हवा आत घेणारी खिट्टी सरकवली.

"काका, एसी का बंद केलात?" मागून आवाज आला.

बाबांनी आरशात बघितलं आणि कूलिंग कॉइल कशी ओली होते, ती उतरण्याआधी वाळवायची का, नळी कुठे असते, सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. दवबिंदूच्या जागी त्यांनी चहाच्या टपरीवरच्या थंड बाटलीला सुटणारा घाम वापरला. मी मध्ये बोलले नाही. हॉस्टेलचं गेट आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं, म्हणून मीच म्हटलं, "बाबा, इथेच लावा गाडी, अगदी गेटसमोर."