पुसायचं काय, राखायचं काय?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. तेव्हापासून रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्हा स्वयंसेवकांना एक प्रश्न हमखास येतो: "घरचा कॉम्प्युटर आहे तसाच अपग्रेड करायचा, की फॉरमॅट मारून सगळं नव्यानं टाकायचं?" पॅरिश ऑफिसचा संगणक, गायनमंडळाच्या गीतांची पानं आणि प्रोजेक्टर आमच्याकडे असतो, म्हणून लोक विचारतात. जेवढं कळतं तेवढं आज इथं लिहितो, आणि हे काम करताना देवाच्या वचनातलं जे नव्यानं उमगलं, तेही सांगतो.

आधी कामाचं बोलू. अपग्रेड म्हणजे घर न सोडता घराची डागडुजी. तुमचे फोटो, कागदपत्रं, बसवलेले प्रोग्राम, बहुतेक सेटिंग्ज जागच्या जागी राहतात आणि खालची यंत्रणा बदलते. जुनी विंडोज एका वेगळ्या फोल्डरमध्ये काही काळ ठेवलेली असते. नवी रुचली नाही, तर सहसा १० दिवसांच्या आत मागं जाता येतं. पण जे राहतं त्यात नको असलेलंही राहतं. कधीकाळी कुणीतरी टाकलेले खेळ, संगणक सुरू होताच आपोआप उठून बसणारे प्रोग्राम, जुन्या प्रिंटरची अर्धवट उरलेली सामग्री, सगळं नव्या घरात पाहुणं म्हणून येतं.

नव्यानं टाकणं म्हणजे सी ड्राइव्ह रिकामा करून पहिल्यापासून सुरुवात. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह त्यासाठी पुरतो. मंद झालेला, व्हायरसनं पोखरलेला संगणक यानं पुष्कळदा मोकळा श्वास घेतो. मात्र डेस्कटॉपवर ठेवलेलं, डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेलं, सी ड्राइव्हवरचं सगळं जातं. एक गोष्ट तर कुणाच्याच लक्षात येत नाही, ती म्हणजे फॉन्ट. आपल्या मंडळीतली जुनी मराठी पानं श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. तो फॉन्ट गेला की फाईल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. मजकूर तिथंच असतो, वाचता मात्र येत नाही.

हे आम्हाला एका घरात नीट समजलं. आमच्या वॉर्डातल्या एका आँटींचे यजमान दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. ते मृतांसाठीच्या प्रार्थना, नोव्हेनाची पानं, लेकीच्या लग्नाच्या मिस्साची पुस्तिका, सगळं स्वतः टाइप करीत. संगणक इतका मंदावला होता की सुरू करून चहा ठेवला, तर चहा आधी व्हायचा. पुण्याहून मुलगा फोनवर सांगत होता, "आई, फॉरमॅट मारून टाक, नवा होईल." आँटी काही केल्या हो म्हणेनात. आम्हाला म्हणाल्या, "पोरांनो, नवा होईल ते खरं. पण त्यांचं काय काय आहे आत, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही ते पुसू कसं?"

या प्रश्नाला आमच्याकडं तांत्रिक उत्तर नव्हतं. मग तीन संध्याकाळ आम्ही आँटींच्या शेजारी बसून एकेक फोल्डर उघडला. त्या सांगत गेल्या: हे ठेवा, हे कुणाचं आहे ठाऊक नाही पण ठेवा, हे वीजबिल २०१४ चं आहे, जाऊ द्या. ठेवायचं ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं, फॉन्टही घेतले. प्रार्थनांच्या पानांची पीडीएफ केली, म्हणजे फॉन्ट नसला तरी अक्षर शाबूत राहील. दुसऱ्या संगणकावर सगळं उघडून पाहिलं. मगच जुनं पुसलं आणि नवं टाकलं. एका पानाच्या तळाशी अंकलनी स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती: अमक्या घरी आजारी माणूस आहे, प्रार्थनेत नाव घ्यायचं. आँटी ते पान बराच वेळ पाहत राहिल्या. त्या आजारी माणसाची चौकशी करायला दुसऱ्या दिवशी स्वतः गेल्या.

बंधू-भगिनींनो, आपल्या जिवाविषयीही आपण पुष्कळदा त्या मुलासारखं बोलतो. "सगळं पुसून टाकावं आणि नव्यानं सुरू करावं." व्यसनातून परतलेला माणूस असं म्हणतो, भावाशी वर्षानुवर्षं न बोललेला असं म्हणतो. पश्चात्तापाचं पहिलं पाऊल तसंच वाटतं. पण पुसण्यानं सगळं साधतं का?

नोहाच्या काळी पृथ्वी धुऊन निघाली. तरी देवानं पाऊस पाडण्याआधी तारू बांधून घेतलं आणि राखायचं ते आत घेतलं. पाणी ओसरल्यावर देव स्वतःच म्हणतो की माणसाच्या मनाची ओढ तीच आहे (उत्पत्ति ८:२१). नुसत्या पुसण्यानं मन पालटत नाही. प्रभू येशूनं सांगितलेलं ते घर आठवा: झाडलेलं, सजवलेलं, पण रिकामं. निघून गेलेला अशुद्ध आत्मा सात सोबती घेऊन परत आला (मत्तय १२:४३-४५). संगणक फॉरमॅट करून त्यात पुन्हा तेच चोरीचे प्रोग्राम टाकणारे आम्ही पाहिले आहेत. महिनाभरात संगणक पहिल्यासारखा.

पौलाकडं पाहा. प्रभूनं त्याला दिमिष्काच्या वाटेवर गाठलं आणि त्याच्या जगण्याचा पायाच बदलला. पण गमलिएलाच्या पायाशी घेतलेलं शिक्षण पुसलं नाही, ते पत्रांत कामी आलं. रोमी नागरिकत्व काढून घेतलं नाही, ते चाबकाच्या वेळी उपयोगी पडलं. मंडळीचा छळ केल्याची आठवणही राहिली, आणि तीच त्याला नम्र ठेवत होती (१ करिंथ १५:९). पुनरुत्थित प्रभूच्या गौरवी शरीरावरसुद्धा खिळ्यांच्या खुणा होत्या. थोमाला त्यांवरूनच ओळख पटली.

आपल्या मराठी मंडळीचा इतिहासही हेच सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्तपुराण रचलं आणि १६१६ साली ते छापलं गेलं, ते ओवीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांनी अभंग आणि कीर्तन टाकून दिलं नाही, ते प्रभूच्या चरणी आणलं. म्हणून आज आपण आपल्या भाषेत गातो.

तेव्हा विचारणाऱ्यांना आम्ही एवढंच सांगतो. संगणक धडधाकट असेल आणि विंडोज ११ त्याला झेपत असेल, तर अपग्रेड करा, पण आधी बॅकअप घ्या. आजारी असेल तर नव्यानं टाका, पण आत काय आहे ते पाहिल्याशिवाय नाही. पाच भाकरींनी लोक तृप्त झाल्यावर प्रभूनं उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काही वाया जाऊ नये म्हणून (योहान ६:१२). बॅकअप घेताना हे वचन मनात ठेवावं.

आणि स्वतःच्या जिवासाठी? प्रायश्चित्त संस्काराआधीचं आत्मपरीक्षण म्हणजे त्या तीन संध्याकाळच आहेत. कुणीतरी शेजारी बसलेलं असताना एकेक फोल्डर उघडायचा. काय पुसायचं, काय राखायचं, हे प्रभूला विचारून ठरवायचं. जे पुसायचं ते तो पुसतो, आणि त्याचा बॅकअप स्वतःकडं ठेवत नाही.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, आमच्यात जे मोडलं आहे ते नवं कर, जे तू दिलं आहेस ते राख, आणि दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी आमच्याजवळ बस. आमेन.