फिनमार्क : उत्तर टोकाचा किनारा

वाचकहो, युरोपचा नकाशा समोर घ्या आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावरून बोट वर वर नेत चला. जेथे भूमी संपते आणि उत्तर हिमसागराचे पाणी सुरू होते, तेथे आपणांस फिनमार्क नावाचा प्रांत आढळेल. क्षेत्रफळाने तो आपल्या केरळ राज्याहून मोठा; वस्ती मात्र अवघी पाऊण लाखाच्या आसपास. तेथील हॅमरफेस्ट नगरात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मावळत नाही, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून दोन महिने तो उगवत नाही. किनाऱ्यावर झाडे विरळ, धान्याची शेती जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी माणसाने राहावे तरी कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर समुद्रात आहे. अटलांटिक महासागरातून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे येथील बंदरे भर हिवाळ्यातही गोठत नाहीत. वसंत ऋतूत लहान माशांचे थवे किनाऱ्याकडे येतात आणि त्यांचा पाठलाग करीत कॉड नावाचा मोठा मासा येतो. हा मासा साफ करून, मीठ न लावता, लाकडी मांडवांवर जोडीजोडीने टांगतात. थंड वारा त्याला वाळवून लाकडासारखा कडक करतो. कोकणच्या किनाऱ्यावर बोंबील वाळताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य अगदीच परके वाटणार नाही.

माणसाचे या समुद्राशी नाते फार जुने आहे. आल्टा येथील खडकांवर रेनडिअर, अस्वले, होड्या आणि मासे धरणारी माणसे कोरलेली आहेत. त्यांपैकी सर्वांत जुनी चित्रे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची मानतात. ती कोरली तेव्हा पाण्याच्या काठाशी होती. पुढे भूमी हळूहळू वर उचलली गेली. म्हणून जे चित्र जितके जुने, तितके ते आज पाण्यापासून उंच. याच भूमीत सामी लोक फार पूर्वीपासून राहतात. त्यांच्यातील समुद्रकाठचे लोक मासेमारी करीत आणि जोडीला थोडी गुरेमेंढरे पाळीत. गवत अपुरे पडे, तेव्हा माशांची डोकी व समुद्रशेवाळ एकत्र शिजवून ते जनावरांना खाऊ घालीत.

उन्हाळ्यात मात्र अडचण येई. हवा उबदार झाली की माशांना अळ्या पडत आणि ते वाळविता येत नसत. परंतु याच दिवसांत श्वेत समुद्राकडून रशियन व्यापाऱ्यांची गलबते येत. ते हा मासा विकत घेऊन गलबतातच मिठात मुरवीत आणि बदल्यात राईचे पीठ देत. जे एकाला टिकवता येत नव्हते, त्यावर दुसऱ्याचा हिवाळा निघे. आणि जेथे धान्य पिकत नव्हते, तेथे भाकरी पोहोचे. या देवघेवीतून एक चिमुकली भाषा जन्माला आली. शब्द जेमतेम चारशे, बहुतेक नॉर्वेजियन आणि रशियन; आणि आपल्या सगळ्या विभक्तिप्रत्ययांचे काम जणू एकटा ‘पो’ हा शब्द करी! त्या भाषेचे नावच ‘मोया पो त्वोया’, म्हणजे ‘मी तुझ्या बोलीत’. आपण समोरच्याचीच भाषा बोलत आहोत, असे दोघांनाही वाटे असे सांगतात. ज्याचा दिवस भाषांतरात जातो, अशा माणसाला या नावाचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर तो व्यापार थांबला आणि ती भाषाही नाहीशी झाली.

याहून मोठा आघात पुढे यावयाचा होता. १९४० पासून नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून फिनमार्कमध्ये शिरले, तेव्हा माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याला हुकूम मिळाला : सर्व रहिवाशांना दक्षिणेस हलवा आणि मागे काहीही उभे ठेवू नका. फिनमार्क व लगतच्या उत्तर त्रोम्समधून सुमारे पन्नास हजार माणसे हलविण्यात आली. अकरा हजारांच्या आसपास घरे जाळली गेली. शाळा, रुग्णालये, धक्के, होड्या, काही उरले नाही. हॅमरफेस्टमध्ये स्मशानातील लहानसे प्रार्थनागृह तेवढे वाचले. होनिंग्सवोगमध्ये एक चर्च. वीस-पंचवीस हजार लोकांनी मात्र निघून जाण्यास नकार दिला. ते गुहांत, गवताळ मातीच्या झोपड्यांत लपून राहिले. किर्केनेसजवळच्या लोखंडाच्या खाणीतील एका बोगद्यात तर सुमारे तीन हजार माणसांनी आश्रय घेतला होता, आणि त्या अंधारात दहा बालके जन्मली.

मे १९४५ मध्ये युद्ध संपले. सरकारचे म्हणणे असे, की घरे नाहीत, पाणी नाही, जमिनीत सुरुंग पेरलेले आहेत. तेव्हा आधी योजना होऊ द्या, मग परता. सल्ला शहाणपणाचाच होता. तथापि लोक थांबले नाहीत. त्याच उन्हाळ्यात ते मिळेल त्या नावेने परत येऊ लागले. कोणी उलट्या घातलेल्या होडीखाली संसार मांडला, कोणी जळक्या फळ्या जोडून भिंत केली. होनिंग्सवोगच्या त्या एकुलत्या एक चर्चमध्ये कितीतरी कुटुंबे राहिली. घर गेले होते. परंतु ज्याच्या आधारावर ते घर उभे राहिले होते, तो समुद्र कोणालाही जाळता आला नव्हता.

पुनर्रचनेचे काम सुमारे १९६० पर्यंत चालले. ठरावीक नमुन्यांची साधी लाकडी घरे ओळीने उभी राहिली. आजही तेथील गावांत ती दिसतात. हॅमरफेस्टमध्ये १९९८ साली या पुनर्रचनेचे संग्रहालय उघडले. मात्र जे गेले ते सर्वच परत आले असे नव्हे. सामी कुटुंबांची जुनी घरे आणि त्यांतील पिढीजात वस्तू गेल्या. नव्या घरांबरोबर पुष्कळांची बोलीही मागे पडली. आधीच्या अनेक दशकांच्या सक्तीच्या नॉर्वेजियन शिक्षणाने ती दुबळी झालेली होतीच.

वाचकहो, आपल्या घरात आजीचे एखादे पितळी भांडे असेल, पणजोबांचे पिवळे पडलेले छायाचित्र असेल. फिनमार्कच्या किनाऱ्यावर कित्येक घरांत १९४४ पूर्वीची अशी एकही वस्तू नाही. आजी-आजोबांविषयी तेथील मुलांना जे ठाऊक आहे, ते बहुतेक घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले. वसंत आला की कॉड किनाऱ्याकडे येतो, होड्या बाहेर पडतात, आणि लाकडी मांडव पुन्हा भरू लागतात.