मुंबई ते नागपूर : विमानाचा हिशेब

नागपूर म्हटले की आपल्या घरांत आधी दीक्षाभूमी आठवते आणि मग रेल्वेची गर्दी. अशोक विजयादशमीला वस्त्यावस्त्यांतून निघणारे बहुतेक धम्मबांधव आजही रेल्वेनेच जातात. पण आता काही घरांतील मुले कमावती झाली आहेत. ‘आईला एकदा विमानाने नेऊन आणले तर?’ असे ती विचारतात. त्यावर शेजारीपाजारी म्हणतात, ‘ही चैन आपल्याला कशाला?’ म्हणून हा हिशेब मांडतो.

मुंबई विमानतळापासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचे सरळ रेषेतले अंतर सुमारे ६९० किलोमीटर आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून रेल्वेने ते ८३७ किलोमीटर भरते. रूळ कसारा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशी गावे जोडत जातात. विमानाला मध्ये ना घाट, ना स्टेशन.

तिकिटावर प्रवासाची वेळ दीड तासाच्या आसपास छापलेली असते. त्यात विमान धावपट्टीपर्यंत नेणे, उड्डाणासाठी रांगेत थांबणे, उतरल्यावर जागेवर लावणे हे सारे धरलेले असते. प्रत्यक्ष आकाशात ते साधारण तास-सव्वा तासच असते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. त्यामुळे जाताना काही मिनिटे वाचतात, तर परतताना काही जास्त लागतात.

मात्र आपला प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, घराच्या दारातून सुरू होतो. चेंबूरहून विमानतळ गाठायला एक तास, दोन तास आधी हजेरी, दीड तास विमान, सामान घेऊन सहा-सात किलोमीटरवरच्या दीक्षाभूमीला पोहोचायला आणखी एक तास. म्हणजे झाले साडेपाच तास. विदर्भ एक्सप्रेसला चौदा-पंधरा तास लागतात, पण ती संध्याकाळी सुटून सकाळी पोहोचवते. धडधाकट माणसाचा खाडा त्यात फारसा वाढत नाही. दसऱ्याच्या तोंडावर विमानाचे भाडेही चढते. तेव्हा तरुणांनी रेल्वेने जावे, यात कमीपणा नाही.

म्हाताऱ्या, आजारी माणसाचा हिशेब वेगळा. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना गर्दीत श्वास लागतो, त्यांच्यासाठी वाचलेले नऊ तास ही चैन नव्हे. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब दिल्लीहून नागपूरला आले ते विमानानेच. प्रकृती पार ढासळली होती. तीन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, त्यांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. नागपूरच्या विमानतळाला २००५ साली त्यांचेच नाव देण्यात आले. तिथे उतरणारी आपली आई ते नाव वाचील, तेव्हा तिला काय वाटेल, हे सांगायला नको.

नेणाऱ्यांनी एवढे करावे. सणाची गर्दी टाळून महिना निवडावा आणि तिकीट आधी काढावे. तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहावे. मुंबईत टर्मिनल कोणते, हे वाचून ठेवावे. चालवत नसेल तर चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. आणि कर्ज काढून मात्र जाऊ नये. दीक्षाभूमी कुठे जात नाही. पैसे साठवून पुढच्या वर्षी जाता येते.